पाच मे, झेंड्याचे टी-शर्ट आणि मॉर्गन हिलची शाळा

मी सॅन होजेत राहतो. इथून 101 हायवेने खाली दक्षिणेला निघालं की लसणासाठी फेमस असलेलं गिलरॉय लागतं आणि त्याच्या जरा अलीकडे मॉर्गन हिल. लहानसं गाव, दोन्ही बाजूला डोंगर, आणि सिलिकॉन व्हॅलीत घर परवडत नाही म्हणून तिकडे सरकलेली बरीच नोकरदार मंडळी. तिथल्या लाइव्ह ओक हायस्कूलमध्ये 5 मे 2010 ला एक प्रकार झाला, काही मुलं अमेरिकेच्या झेंड्याचे टी-शर्ट घालून शाळेत आली आणि शाळेने त्यांना सांगितलं की शर्ट उलटा करून घाला नाहीतर घरी जा. अमेरिकेतली सरकारी शाळा, अमेरिकेचाच झेंडा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी अर्धवट बातमी असेल, पण मग मी कोर्टाचे निकाल शांतपणे बसून वाचले आणि जेवढं वाचत गेलो तेवढं जास्त अडकत गेलो, म्हणून सगळं एकदा नीट मांडतो.

आधी एक गोष्ट, आपल्याकडे शाळेत गणवेश असतो त्यामुळे हा विषय आपल्या डोक्यात पटकन बसत नाही. इथल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नसतो, फक्त ड्रेस कोड असतो, म्हणजे काय घालायचं नाही एवढंच सांगितलेलं असतं, बाकी पोरं आपापल्या कपड्यात येतात. त्यामुळे टी-शर्ट हीच मुलांची बोलायची जागा होते, बँडचं नाव, टीमचं नाव, एखादी घोषणा, एखाद्या नेत्याची टिंगल, सगळं छातीवर. आणि सरकारी शाळा म्हणजे सरकार, म्हणून तिथे राज्यघटनेची पहिली दुरुस्ती म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम थेट लागू होतं. खाजगी शाळेला ते लागू नाही, हा फरक लक्षात ठेवा.

आता पाच मे. सिंको दे मायो. बऱ्याच लोकांना वाटतं हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, तसं नाहीये, स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबरला असतो. 5 मे 1862 ला पुएब्ला इथे मेक्सिकोच्या सैन्याने फ्रेंचांना हरवलं त्याची ही आठवण, आणि गंमत म्हणजे खुद्द मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्येच हा दिवस जास्त जोरात साजरा होतो. कॅलिफोर्नियात तर विचारूच नका. लाइव्ह ओकमध्येही शाळेच्या परवानगीनेच कार्यक्रम असायचा, एका समाजाची संस्कृती बाकीच्यांना कळावी अशा भावनेने.

पण शाळेत आतून वातावरण बरं नव्हतं. कोर्टाच्या कागदात स्पष्ट लिहिलंय की त्या प्रिन्सिपलच्या सहा वर्षांच्या काळात शाळेत कमीत कमी 30 मारामाऱ्या झालेल्या, काही गँगच्या, काही गोरी मुलं विरुद्ध मेक्सिकन वंशाची मुलं अशा. शाळेच्या आवारात रोज एक पोलीस ऑफिसर असायचा. हा पोलीसवाला लक्षात ठेवा, मला पुढे त्याच्याबद्दल बोलायचंय.

एक वर्ष मागे जाऊ, 5 मे 2009. मेक्सिकन मुलांचा एक ग्रुप मेक्सिकोचा झेंडा घेऊन शाळेत फिरत होता, ते बघून गोऱ्या मुलांनी अमेरिकेचा जसातसा बनवलेला झेंडा एका झाडावर लटकवला आणि यूएसए यूएसए करून ओरडायला लागली, मग दोन्हीकडून शिवीगाळ, धमक्या. असिस्टंट प्रिन्सिपल मध्ये पडले, एका मेक्सिकन मुलाला म्हणाले शिव्या देऊ नकोस, तर तो त्यांनाच म्हणाला की पण ते रेसिस्ट आहेत, आणि चला यांना हाणू असंही म्हणाला. त्याला बाजूला नेलं आणि तो दिवस कसाबसा गेला.

म्हणजे शाळेला माहीत होतं. पुढच्या वर्षी पाच मे परत येणार होता, कॅलेंडरवर होताच तो.

5 मे 2010, सकाळ. काही गोरी मुलं झेंड्याचे टी-शर्ट घालून आली. एका मुलीने त्यातल्या एकाला विचारलं, हे का घातलंयस, तुला मेक्सिकन लोक आवडत नाहीत का? सकाळच्या मधल्या सुट्टीत एक गोरा विद्यार्थी असिस्टंट प्रिन्सिपलकडे आला आणि म्हणाला की तुम्ही पटांगणात जाऊन बघा, तिथे काहीतरी होईल असं वाटतंय. अजून एका मुलीनेही तेच सांगितलं. आणि मग मेक्सिकन मुलांच्या एका ग्रुपने असिस्टंट प्रिन्सिपलना विचारलं की त्या गोऱ्या मुलांना त्यांचा झेंडा घालून फिरता येतं आणि आम्हाला आमचा का नाही?

असिस्टंट प्रिन्सिपलनी हे वर कळवलं, प्रिन्सिपलनी सांगितलं त्या मुलांना शर्ट उलटे करायला लावा किंवा काढायला लावा. मुलांना ऑफिसात बोलावलं, समजावलं की तुमच्याच जिवाची काळजी आहे, तुम्हाला मार बसू शकतो. मुलांनी ते नाकारलं नाही. ती म्हणाली हो धोका आहे, आम्हाला माहितीये, आम्ही ती जबाबदारी घेतो, पण शर्ट उलटा करणार नाही. हे वाक्य वाचताना मी थांबलो होतो खरंच. पंधरा-सोळा वर्षांची पोरं आहेत ही, त्यांच्याशी माझे राजकीय विचार जुळतील असं मला अजिबात वाटत नाही, पण समोर प्रिन्सिपल बसलेले असताना असं बोलायला पोटात काहीतरी लागतं.

मग शाळेने काय केलं तर ज्यांच्या शर्टवर झेंडा तसा ठळक नव्हता अशा दोघांना वर्गात जाऊ दिलं. बाकीच्यांना दोनच पर्याय दिले, शर्ट उलटा करा किंवा आजच्या दिवस घरी जा, गैरहजेरी माफ, रेकॉर्डवर काही येणार नाही. मुलं घरी गेली. कुणाला सस्पेंड केलं नाही, कुणाला शिक्षा नाही. शाळेच्या बाजूने हे सांगायलाच पाहिजे, कारण टीव्हीवर हे प्रकरण गेलं तेव्हा चित्र असं रंगवलं गेलं की देशभक्तीबद्दल पोरांना शाळेतून हाकललं.

आणि टीव्हीवर ते गेलंच, देशभर गेलं. स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, हात झटकले, म्हणाले देशप्रेमाच्या कपड्यांना आमची बंदी नाही आणि शाळेतल्या अधिकाऱ्यांचा निर्णय आम्हाला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी 200 च्या आसपास लॅटिनो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि गावातून चालत गेली, आम्हाला मान द्या अशी घोषणा देत. आणि ज्या मुलांना घरी पाठवलं होतं त्यांना मेसेजवरून, फोनवरून धमक्या यायला लागल्या, एकाने तर ऐकलं की सॅन होजेहून गँगची माणसं येऊन यांच्याकडे बघून घेणार आहेत. 7 मे ला ती मुलं भीतीने शाळेत गेलीच नाहीत. म्हणजे शाळेला जी भीती वाटत होती ती हवेतली नव्हती हे तर यावरून दिसतंच.

तीन मुलांनी आईवडिलांमार्फत केस केली. डारियानो विरुद्ध मॉर्गन हिल युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट या नावाने ती ओळखली जाते.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, आणि त्यासाठी 45 वर्षं मागे जायला लागेल, आयोवा राज्यातल्या डी मॉइनला. डिसेंबर 1965. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि तिथल्या थोड्या मुलांनी ठरवलं की मेलेल्यांच्या दुःखात आणि युद्ध थांबावं म्हणून दंडावर काळी पट्टी बांधायची. शाळांना आधीच कुणकुण लागली, प्रिन्सिपल लोकांनी 14 डिसेंबरला मीटिंग घेऊन नियमच करून टाकला की पट्टी बांधून येणाऱ्याला ती काढायला सांगायचं, नाही काढली तर सस्पेंड. 13 वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा 15 वर्षांचा भाऊ जॉन, त्यांचा 16 वर्षांचा मित्र ख्रिस्तोफर एकहार्ट, हे सस्पेंड झाले. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 24 फेब्रुवारी 1969 ला 7 विरुद्ध 2 असा निकाल मुलांच्या बाजूने लागला. जस्टिस एब फोर्टस यांनी लिहिलं की मुलं असोत की शिक्षक, शाळेच्या फाटकापाशी ते आपले घटनेतले हक्क उतरवून ठेवत नाहीत. आजही अमेरिकेत शाळेतल्या बोलण्यावर कुठलीही केस असू दे, सुरुवात या टिंकरच्या निकालापासूनच होते.

टिंकरचा नियम साधा आहे. मुलाचं बोलणं, आणि त्यात कपडेपण आले, त्याच्यामुळे शाळेच्या कामात खरोखर आणि मोठा अडथळा आला, किंवा येईल असं मानायला ठोस कारण असलं, किंवा दुसऱ्यांच्या हक्कावर गदा आली, तर शाळा थांबवू शकते. नुसती भीती, नुसती धुसफूस, कुणाला तरी आवडणार नाही एवढं कारण पुरत नाही. अश्लील बोलणं वेगळं, त्याच्यावर 1986 चा बेथेल विरुद्ध फ्रेझर निकाल आहे, आणि ड्रग्जची भलामण वेगळी, त्याच्यावर 2007 चा मोर्स विरुद्ध फ्रेडरिक. झेंड्याच्या शर्टला हे दोन्ही लागत नाहीत, त्यामुळे मॉर्गन हिलची केस सरळ टिंकरवर येऊन थांबते. अडथळा येईल असं मानायला शाळेकडे ठोस कारण होतं का?

आणि इथेच खरी गोची आहे. टिंकरमध्ये एक प्रश्न नीट सुटलेलाच नव्हता. अडथळा आणणारा कोण असला पाहिजे? बोलणारा मुलगाच दंगा करत असेल तर ठीक, पण बोलणारा गप्प उभा आहे, शर्ट घालून, आणि त्याला बघून दुसरा मारायला उठतोय, तर तो अडथळा कुणाच्या खात्यात टाकायचा? अमेरिकन कायद्यात याला हेकलर्स व्हेटो म्हणतात, म्हणजे आरडाओरडा करणाऱ्याला, धमकी देणाऱ्याला दुसऱ्याचं बोलणं बंद पाडायचा अधिकार मिळणं. रस्त्यावरच्या सभेत तो चालत नाही हे तिथे बऱ्यापैकी पक्कं आहे, पोलिसांनी आधी वक्त्याचं संरक्षण करायचं. शाळेत चालतो का?

डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे खालच्या फेडरल कोर्टात, जज जेम्स वेअर यांनी नोव्हेंबर 2011 मध्ये ट्रायलला न जाताच शाळेच्या बाजूने निकाल दिला. मुलं अपिलात गेली. 27 फेब्रुवारी 2014 ला नवव्या सर्किटच्या (अमेरिकेत भागाभागांची फेडरल अपील कोर्टं असतात, त्यांना सर्किट म्हणतात) तीन जजच्या बेंचने तोच निकाल कायम ठेवला, निकाल लिहिला जज मार्गारेट मॅककीऑन यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की टिंकर काही शाळेला मारामारी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसा असं सांगत नाही, मागच्या वर्षीचा प्रकार होता, 30 मारामाऱ्यांचा इतिहास होता, त्या दिवशी मुलांनी येऊन सावध केलं होतं, मग शाळेने जे केलं ते भीतीपोटी नव्हे, माहितीवरून केलं. वर शाळेने मोजूनमापूनच केलं, सरसकट बंदी घातली नाही, कमी ठळक शर्टवाल्यांना जाऊ दिलं, शिक्षा केली नाही. दक्षिणेतल्या शाळांमध्ये कॉन्फेडरेट झेंड्याच्या कपड्यांवर बंदी घातलेली, त्याच्या जुन्या केसेसचा आधारही त्यांनी घेतला, की जिथे वंशावरून आधीच तणाव आहे तिथे शाळा असा झेंडा थांबवू शकते. आणि मेक्सिकोचे रंग घातलेल्या मुलांना का नाही थांबवलं, याला उत्तर असं की त्यांच्यावर हल्ला होईल असा काही पुरावाच समोर आलेला नाही.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. ज्यांना मारायची धमकी होती त्यांना घरी पाठवलं, ज्यांना कुणी धमकी देत नव्हतं त्यांना राहू दिलं. कायद्याच्या हिशोबात ते बरोबर बसतं हे मी मान्य करतो, पण माणूस म्हणून मला ते खुपतं.

कॉन्फेडरेट झेंड्याची तुलनाही मला पटलेली नाही. तो गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचा झेंडा आहे, शाळेतल्या काळ्या मुलासमोर तो फडकवणं म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. अमेरिकेचा झेंडा त्याच शाळेच्या खांबावर रोज चढतो.

मुलांनी मागणी केली की केस नवव्या सर्किटच्या मोठ्या बेंचने परत ऐकावी. 17 सप्टेंबर 2014 ला तीही फेटाळली, पण तीन जजनी विरोधी मत नोंदवलं, ते लिहिलं जज ओस्कॅनलेन यांनी आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात जास्त वाचावं असं लिखाण तेच आहे. ते म्हणतात की या निकालातून मुलं काय शिकतील तर ज्याचं बोलणं आवडत नाही त्याला हाणायची धमकी द्या, मग सरकारच त्याचं तोंड बंद करून देईल. आणि आज अमेरिकेचा झेंडा आहे, उद्या कुणाच्या शर्टवर चे गव्हेराचा फोटो असेल, मार्टिन ल्युथर किंगचा असेल, पोपचा असेल, तेव्हाही हाच नियम लागेल. दुसऱ्या सर्किट्सनी शाळेतसुद्धा हेकलर्स व्हेटो चालणार नाही असं म्हटलंय हेही त्यांनी दाखवलं. सातव्या सर्किटची 2011 ची एक केस आहे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलची, तिथे एका मुलीच्या शर्टवर समलिंगी लोकांच्या विरोधातली ओळ होती आणि जज पोझनर यांनी लिहिलं की ती ओळ वाचून चिडलेल्या मुलांनी त्या मुलीला त्रास दिला ही गोष्ट शाळेच्या बाजूने धरता येणार नाही. शर्टवरच्या त्या ओळीशी मी काडीचा सहमत नाही, पण पोझनरांचा मुद्दा सरळ आहे.

मग मुलं सुप्रीम कोर्टात गेली, आणि तिथे जे झालं ते मला फार भिडलं. त्यांच्या बाजूने, कोर्टाने ही केस ऐकावी म्हणून, खुद्द मेरी बेथ आणि जॉन टिंकर यांनी कोर्टाला निवेदन दिलं. विचार करा. युद्धाच्या विरोधात काळी पट्टी बांधणारी ही भावंडं, 1965 साली ज्यांच्या घरावर लाल रंग फेकला गेला होता, ज्यांना ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी बॉम्बची धमकी आली होती, ती आता झेंड्याचे शर्ट घालणाऱ्या पोरांच्या मागे उभी राहिली. आपल्या नावाचा निकाल वापरून मुलांना गप्प केलं जातंय हे त्यांना चाललं नाही. स्वतःच्या बाजूचं बोलणं वाचवायला कुणीही येतं हो. 

30 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला, कारण दिलं नाही, तिथे सहसा देत नाहीत. नवव्या सर्किटचा निकाल राहिला. कॅलिफोर्नियासकट पश्चिमेतली नऊ राज्यं त्याखाली येतात, म्हणजे आमच्या इथल्या सगळ्या सरकारी शाळा, आपल्या मराठी घरातली जी मुलं इथे शिकतात तीसुद्धा.

आता माझं मत.

प्रिन्सिपलला मी खलनायक मानत नाही. मधली सुट्टी चालू आहे, पटांगणात काय होईल माहीत नाही, हाताशी काही मिनिटं आहेत आणि उद्या एखाद्या पोराच्या पोटात चाकू बसला तर सगळा गाव विचारणार की तुम्हाला मुलांनी येऊन सांगितलं होतं ना? त्या खुर्चीत मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं, हे मी कबूल करतो. हातातली वेळ संपत आली की माणूस सगळ्यात सोपा धागा ओढतो आणि चार शर्ट उलटे करायला लावणं हे पटांगणातल्या कितीतरी मुलांना आवरण्यापेक्षा सोपंच आहे.

पण त्या सकाळच्या आधी 364 दिवस होते, त्यांचं काय? माझी खरी तक्रार तिथे आहे. मे 2009 मध्ये झाडावर झेंडा लटकला, शिव्या झाल्या, तेव्हापासून मे 2010 पर्यंत शाळेकडे पूर्ण वर्ष होतं. निकालाच्या कागदात मागच्या वर्षीचा प्रकार परत परत येतो पण तो शाळेच्या बचावासाठी येतो, की बघा आम्हाला भीती वाटायला कारण होतं. मला तोच पुरावा उलटा दिसतो. तुम्हाला माहीत होतं तर पाच मेच्या आधी दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवायचं होतं, नियम आधी सांगायचा होता, की झेंडा कुठलाही चालेल, हात उचलला तर मात्र माफी नाही. आणि तो जो पोलीस रोज आवारात उभा असायचा त्याला त्या दिवशी पटांगणात उभं करायचं होतं, ज्याने धमकी दिली त्याला ऑफिसात बोलवायचं होतं. धमकी देणाऱ्याला घरी पाठवलं तर कायद्यात एक शब्दाची अडचण नाही, धमकी देणं हे काही संरक्षण असलेलं बोलणं नाहीये.

ती मुलं मुद्दाम खिजवायला शर्ट घालून आली होती का? वर्षातले बाकीचे दिवस सोडून नेमका पाच मे, आणि तोही आदल्या वर्षीच्या प्रकारानंतर, मला तरी वाटतं की हो, निदान काही प्रमाणात होतं खिजवणं. आपल्या मेक्सिकन वर्गमित्रांना त्यांच्या एका दिवशी आनंदाने राहू द्यायचं हे त्यांना जमायला हवं होतं, त्यांच्या आईवडिलांनी ते सांगायला हवं होतं. पण खिजवणं हा गुन्हा नाही. काळी पट्टीसुद्धा 1965 मध्ये कितीतरी घरांना खिजवणंच वाटली असणार, ज्यांची पोरं व्हिएतनामला गेली होती त्यांना विचारा.

आपल्याकडचा वाचक म्हणेल हे अमेरिकेचं लफडं आहे, आपला काय संबंध. मला तर हे वाचताना सारखं आपलंच आठवत होतं. नाटकाचा प्रयोग जाहीर होतो, कुणीतरी इशारा देतं की प्रयोग झाला तर थिएटर फोडू, आणि नोटीस नाटकवाल्यालाच येते, कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून. इशारा देणारा घरी चहा पितोय. आपल्या सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच एस. रंगराजन केसमध्ये, एका तमिळ सिनेमावरून, अगदी स्वच्छ सांगून ठेवलंय की मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे कुणाचं बोलणं दाबता येणार नाही, तसं केलं तर ती ब्लॅकमेलपुढे शरणागती होईल. त्याच निकालात असंही आहे की धोका खरा आणि लगेचचा असला पाहिजे, दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी टाकल्यासारखा. म्हणजे बघा, टिंकरच्या वाटेवरच आपलंही कोर्ट चाललंय, फक्त धमकी देणाऱ्याचं काय करायचं हे त्यांनी जास्त स्पष्ट सांगितलं.

आणि कपड्यांचं म्हणाल तर चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज यावर बंदी घातली होती, मुंबई हायकोर्टाने जून 2024 मध्ये कॉलेजची बाजू घेतली आणि 9 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टाने त्या बंदीच्या तेवढ्या भागाला अंतरिम स्थगिती दिली. ती केस वेगळी आहे, धर्माची आहे, मी तिला मॉर्गन हिलशी जोडत नाही, फक्त कपडा हा नुसता कपडा नसतो हे तिथेही होतंच.

अमेरिकेत हा विषय संपलेला नाही. 2023 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलबरोला सातवीतला एक मुलगा जेंडर दोनच असतात अशा ओळीचा टी-शर्ट घालून शाळेत आला, शाळेने काढायला सांगितला, त्याने नकार दिला आणि घरी गेला. जून 2024 मध्ये पहिल्या सर्किटने शाळेची बाजू घेतली, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केसही ऐकायला नकार दिला, जस्टिस थॉमस आणि अलिटो यांचा याला विरोध होता. म्हणजे शाळेतल्या शर्टवर वरच्या कोर्टाचा थेट शब्द अजूनही 1969 च्या त्या काळ्या पट्टीपाशीच आहे, आणि मधल्या कोर्टांनी ज्याला जसं जमेल तसं लावलंय.

टिंकरच्या निकालात जस्टिस ह्यूगो ब्लॅक यांचं विरोधी मत आहे, चिडून लिहिलेलं, शाळांचा धाक गेला वगैरे. पण मुलांना किती त्रास झाला हे सांगताना त्यात त्यांनी एक बारीकशी नोंद केलीय, की शाळेतल्या एका मोठ्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने बाकीच्यांना बजावलं होतं की पट्टीवाल्यांच्या वाटेला जाऊ नका. ब्लॅक यांनी ती गोंधळाचा पुरावा म्हणून लिहिली. मी ती वाचली आणि मला वाटलं, लाइव्ह ओकमध्ये हे काम शाळेचं होतं. त्या मुलाने स्वतः पट्टी बांधली नव्हती.

आणि एक गोष्ट राहून गेली आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. त्या सकाळी मेक्सिकन मुलांनी विचारलेला प्रश्न, त्यांना त्यांचा झेंडा चालतो मग आम्हाला आमचा का नाही. त्यांचा तो रागाचा सूर मला समजतो. जन्म इथला, शाळा इथली, आणि वर्षातून एक दिवस आपला म्हणून मिळतो त्या दिवशी समोर कुणीतरी झेंडा घालून उभा राहतो, जणू सांगतोय की देश आमचा, तुम्ही पाहुणे. परदेशात मुलं वाढवणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार लांबचं वाटत नाही. त्यांना कुणी नीट उत्तर दिलं असतं, की तुमचाही झेंडा चालेल, तर पटांगणातली निम्मी आग तिथेच विझली असती असं मला मनापासून वाटतं. पुढे पाच वर्षं केस चालली, तीन पायऱ्या चढली, एवढे जज, एवढे वकील, एवढी पानं. पण केस झेंड्याच्या शर्टवाल्यांची होती. तो प्रश्न विचारणारी मुलं त्यात पक्षकार नव्हती, दुसऱ्या दिवशी वर्ग सोडून गावातून चालत गेलेली ती 200 मुलंही नव्हती, त्यामुळे त्यांना कुठल्याच कोर्टाने उत्तर दिलं नाही, आणि शाळेने तर त्या सकाळीही दिलं नव्हतं.